राजाची तब्येत आणि राज्याची तब्येत : स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसबद्दल



सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करतो. ‘दुसरा चार्ल्स’ म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी लग्न ठरवून मुंबई आंदणात मिळवणारा इंग्लंडचा राजा. त्या लग्नाचा तह १६६१ सालचा. आज आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो त्याच वर्षी, ६ नोव्हेंबरला, माद्रिदमध्ये जन्मला. नाव तेच, फक्त स्पॅनिश उच्चार कार्लोस. हाही दुसरा. हॅब्सबर्ग घराण्याच्या स्पेनमधल्या शाखेचा शेवटचा राजा. वयाची ३९ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना, १ नोव्हेंबर १७०० रोजी तो वारला. मागे मूलबाळ नाही.

याच घराण्याचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आला होता. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे होतं, म्हणजे गोव्याचा कारभारही त्याच राजाच्या नावाने चाले. १६४० साली पोर्तुगाल फुटून निघालं. स्पेनने ते कागदोपत्री मान्य केलं १६६८ मध्ये, म्हणजे या कार्लोसच्या नावाने. तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

आता आजचा मुद्दा. कार्लोसबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं एकाच साच्याचं आहे. आजारी राजा, म्हणून आजारी राज्य. राजाला मूल होत नाही, म्हणून राज्य वांझोटं. त्याला नीट चालता येत नाही, म्हणून राज्य पांगळं. सरळ वाटतं, लक्षात राहतं, आणि आमचं म्हणणं असं की बऱ्याच अंशी ते चुकीचं आहे. राजाच्या तब्येतीवरून राज्याचं निदान करायची ही सवय तपासायची, तर तीन पुरावे समोर ठेवू : एक चित्र, एक शवविच्छेदन आणि एक मृत्युपत्र.

त्याआधी नातीगोती पाहू, कारण तिथूनच सगळ्या गोष्टी सुरू होतात. कार्लोसचा बाप चौथा फिलिप. आई मारियाना. मारियाना ही फिलिपच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. म्हणजे आपल्या भाषेत मामा-भाचीचं लग्न. तिचं लग्न आधी ठरलं होतं फिलिपच्या मुलाशी, बाल्तासार कार्लोसशी. तो १६४६ मध्ये वारला आणि तीन वर्षांनी मामानेच भाचीशी लग्न केलं. सून म्हणून ठरलेली मुलगी बायको होऊन घरात आली. त्यामुळे कार्लोसची सख्खी आत्या हीच त्याची आजी, आईची आई.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत काही समाजांत आहे, खाली कर्नाटक-आंध्रात मामा-भाचीची लग्नंही होतात, तेव्हा श्रोत्यांपैकी कुणी अस्वस्थ होईल. एका लग्नाने काही कार्लोस तयार होत नाही. इथे हा प्रकार पिढ्यानपिढ्या चालला होता. २००९ साली स्पेनमधल्या तीन संशोधकांनी या घराण्याच्या वंशावळीवरून रक्तसंबंधाचा गुणांक काढला. कार्लोसचा आकडा आला ०.२५४. सख्ख्या भावाबहिणीपासून मूल झालं तर तो ०.२५ येतो. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजघराण्यात ३४ मुलं जन्मली, त्यांतली १७ दहा वर्षांची व्हायच्या आत गेली. कार्लोसचा थोरला भाऊ फेलिपे प्रोस्पेरो १ नोव्हेंबर १६६१ ला गेला आणि पाच दिवसांनी कार्लोस जन्मला. एका आठवड्यात एक युवराज पुरला आणि दुसरा पाळण्यात घातला. लग्नं मुद्दाम अशीच ठरवली जात होती, कारण मालमत्ता घराबाहेर जायला नको. जमीन राखण्यासाठी केलेल्या लग्नांनी वारसच संपवला. इथपर्यंत रूढ कथा बरोबर आहे.

आता पहिला पुरावा, चित्र.

हुआन कारेन्यो दे मिरांदा हा दरबारी चित्रकार. वेलास्केझनंतरच्या पिढीतला. त्याने बालराजाची बरीच चित्रं काढली. त्यांतलं गाजलेलं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. काळ्या पोशाखात उभा असलेला चौदाएक वर्षांचा मुलगा. फिकट चेहरा, खांद्यावर रुळणारे सरळ सोनेरी केस, लांब हनुवटी. हातात कागद. बाजूला टेबल, त्याचा भार ब्राँझच्या सिंहांवर. मागे मोठे आरसे, चौकटींवर गरुड. ही जागा माद्रिदच्या जुन्या राजवाड्यातली, आरसे-दालन. तो राजवाडा १७३४ च्या नाताळच्या आदल्या रात्री जळाला, त्यामुळे ते दालन आता अशा चित्रांतच उरलंय.

बहुतेक पुस्तकांत हे चित्र छापतात आणि खाली सांगतात : बघा ती हनुवटी. झालं, चित्र संपलं. आमची तक्रार इथेच आहे. हनुवटी चित्रकाराला दिसली नव्हती असं थोडंच आहे? त्याने ती लपवलेली नाही. मग बाकीचं सगळं त्याने कशासाठी मांडलं? सिंह, गरुड, बापाने आणि आजोबांनी जमवलेल्या वस्तूंनी भरलेलं दालन. मुलगा अशक्त आहे, पण तो ज्या जागेत उभा आहे ती जागा अशक्त नाही, असं ते चित्र सांगतंय. राजा म्हणजे फक्त हे शरीर नव्हे. त्याच्या मागे दरबार आहे, मंडळं आहेत, दफ्तर आहे.

कारेन्योने मारियानाचंही चित्र काढलं, याच दालनात. विधवेच्या वेशात, जोगिणीसारखा काळा-पांढरा पोशाख, पुढ्यात मेज आणि लिहायचं सामान. ही रडत बसलेली विधवा नव्हे, काम करणारी बाई आहे. नवरा १६६५ मध्ये गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता आणि दहा वर्षं हिने राज्य सांभाळलं. आरसा म्हटल्यावर तुम्हाला वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ आठवेल. १६५६ च्या त्या चित्रातही मागच्या आरशात ही मारियाना दिसते, फिलिपशेजारी, आणि पुढे उभी आहे तिची मुलगी मार्गारिता, कार्लोसची बहीण. तिचं पुढे काय झालं? तिचं लग्न लावलं व्हिएन्नाच्या लिओपोल्डशी. लिओपोल्ड हा मारियानाचा भाऊ. पुन्हा मामा-भाची. एकविसाव्या वर्षी मार्गारिता वारली.

दुसरा पुरावा शवविच्छेदन.

कार्लोस गेल्यावर वैद्यांनी त्याचं शरीर उघडलं आणि काय सापडलं याचं एक वर्णन पुस्तकापुस्तकांतून फिरतं. काळीज मिऱ्याएवढं, अंगात रक्ताचा थेंब नाही, डोक्यात पाणी. वाचताना अंगावर काटा येतो आणि म्हणूनच ते फिरतं. पण क्षणभर थांबून विचार करा. मिऱ्याएवढं काळीज घेऊन माणूस ३८ वर्षं जगेल? शिकारीला जाईल? दोन लग्नं करेल? हे शब्दशः खरं असूच शकत नाही. काहीतरी आक्रसलेलं दिसलं असेल, ते सांगता सांगता मिऱ्याएवढं झालं असेल. घराण्याचं सगळं रक्त आटलं, हे रूपक लोकांना इतकं हवं होतं की ते वैद्यकीय नोंद म्हणून चाललं. २००९ च्या त्या संशोधकांनीही राजाच्या आजाराविषयी दोन आनुवंशिक विकारांची शक्यता मांडली आहे. शक्यता. पुढे लोक ती निदान म्हणून सांगतात.

मुळात या राजाच्या तब्येतीबद्दल आपल्याला जे कळतं ते कुणाकडून कळतं? मोठा भाग परदेशी वकिलातींच्या पत्रांतून. तो चौथ्या वर्षापर्यंत अंगावर पीत होता, चालायला उशिरा शिकला, सतत आजारी पडे, हे सगळं खरंच असेल. पण पत्रं लिहिणाऱ्यांचे धनी कोण होते? फ्रान्सचा चौदावा लुई, कार्लोसच्या सावत्र बहिणीचा नवरा. आणि व्हिएन्नाचा लिओपोल्ड, एका नात्याने मामा, दुसऱ्या नात्याने मेहुणा. या दोघांनी जानेवारी १६६८ मध्ये गुप्त करार करून स्पेनच्या साम्राज्याची वाटणी ठरवून टाकली होती. मुलगा सहा वर्षांचा, आणि मेहुण्यांनी वाटण्या केल्या! आता या लोकांना पाठवलेल्या पत्रात ‘राजा आज बरा आहे’ ही बातमी ठरत नाही. ‘राजा आज मरेल असं वाटतं’ ही बातमी. मरणाची वाट पाहणाऱ्यांची साक्ष घ्यायला हरकत नाही, पण ती वाट पाहणाऱ्यांची आहे हे विसरून चालणार नाही.

आणखी एक सांगितलं जातंच, राजावरची करणी. त्याचं टोपणनावच पडलं ‘करणी झालेला’. १६९८-९९ मध्ये राजाचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू फ्रोइलान दिआस आणि इन्क्विझिशनचा प्रमुख रोकाबेर्ती यांनी भूत उतरवणाऱ्या एका पाद्र्यामार्फत सैतानालाच विचारणा केली, आणि उत्तर आलं की लहानपणी चॉकलेटमधून राजावर करणी केली होती. हसू येतं. पण त्याच इन्क्विझिशनने पुढे दिआसवरच खटला भरला, आणि १७०० मध्ये, शेवटच्या वर्षी, याच राजाने सेव्हिलच्या वैद्यक मंडळाला मान्यता दिली. हे नव्या विचाराच्या वैद्यांचं मंडळ होतं, जुन्या ग्रंथांपेक्षा प्रयोगावर भर देणारं. एकाच राजवटीत मांत्रिकही आहे आणि नवं वैद्यकही. पुस्तकांत मात्र मांत्रिकच भेटतो.

मग राज्याचं काय चाललं होतं? इथे अलीकडच्या इतिहासकारांचं ऋण मान्य करायला हवं. हेन्री केमनने १९८० मध्ये उत्तरार्धातल्या स्पेनवर पुस्तक लिहिलं आणि म्हटलं की १६८० नंतर स्पेन हळूहळू सावरत होता, विशेषतः कॅटलोनियासारख्या किनारी भागात. २००६ मध्ये ख्रिस्तोफर स्टॉर्सने दाखवलं की पस्तीस वर्षं सतत लढून या राज्याने आपला बहुतेक मुलूख टिकवला. सिल्व्हिया मिचेलने २०१९ मध्ये मारियानाकडे कारभारी म्हणून पाहिलं.

तपशील बघा. १६७९ मध्ये व्यापारासाठी खास मंडळ नेमलं. १६८० मध्ये तांब्याच्या खराब नाण्यांची किंमत एकदम पाडली. लोकांचे भयंकर हाल झाले, पण वर्षानुवर्षं घसरत चाललेलं चलन त्यानंतर स्थिर झालं. १६८२ मध्ये हुकूम निघाला की कारखाना काढल्याने कुणाचं खानदानीपण जात नाही. मेदिनासेली आणि ओरोपेसा या मंत्र्यांच्या काळात कारभार आणि करपद्धती सुधारायचा प्रयत्न झाला. यांतलं काहीच राजाच्या डोक्यातून निघालं नसेल. पण आपण राज्याबद्दल बोलतोय, आणि राज्य चालत होतं.

मात्र इथे आम्हाला या नव्या मंडळींशीही थोडं भांडायचंय. एका बाजूला झुकलेला तराजू सरळ करताना ते कधीकधी दुसऱ्या बाजूला झुकवतात. मुलूख टिकला, पण कुणाच्या मदतीने? डच आणि इंग्रज, म्हणजे कालचे शत्रू. त्यांना लुईची भीती होती म्हणून. फ्रांश-कॉन्ते प्रांत १६७८ मध्ये गेलाच. १६९७ मध्ये बार्सिलोना फ्रेंचांनी घेतलं आणि त्याच वर्षीच्या तहात परत केलं, कारण लुईला आता सगळाच वारसा हवा होता. १६९९ च्या एप्रिलमध्ये माद्रिदमध्ये पाव मिळेना म्हणून दंगा झाला आणि ओरोपेसाला जावं लागलं. ‘राज्य सावरत होतं’ हे वाक्य त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बाईला कसं ऐकवायचं?

राजाची कीव करतानाही सावध राहायला हवं. ३० जून १६८० रोजी माद्रिदच्या मुख्य चौकात इन्क्विझिशनचा मोठा जाहीर निवाडा झाला. फ्रान्सिस्को रिसीने त्याचं प्रचंड चित्र काढलं, तेही प्रादोमध्ये आहे. अठरा वर्षांचा कार्लोस नव्या राणीसह आणि आईसह वर सज्जात बसलेला, खाली आरोपी. चोरून यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून माणसं त्यानंतर जाळली गेली. नीट चालता येत नाही असं ज्याच्याबद्दल सांगतात तो राजा तिथे तासन्‌तास बसून होता. ज्यांचं रक्त ‘शुद्ध’ नाही म्हणून त्यांच्यावर पिढ्यानपिढ्या संशय घेतला, त्यांना शिक्षा होताना पाहत होता कोण? शुद्ध रक्ताच्या अट्टाहासातून जन्मलेला, त्याच अट्टाहासाने मोडलेला मुलगा. पण तो सज्जात होता आणि ते खाली होते, हा फरक कुठल्याही गुणांकाने पुसला जात नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. १६७९ मध्ये याच राजाच्या नावाने हुकूम निघाला की अमेरिकेतले गुलाम केलेले मूळनिवासी मुक्त करावेत. सुरुवात मारियानाने केली होती. आंद्रेस रेसेन्देझने ‘द अदर स्लेव्हरी’ या पुस्तकात ही मोहीम सांगितली आहे, आणि दूरच्या सुभ्यांत तिथल्या मालकांनी ती कशी हाणून पाडली हेही. हुकूम खरा होता, अंमल तोकडा पडला. आता याचा दोष राजाच्या हनुवटीला द्यायचा का? धडधाकट राजांचे असे किती हुकूम समुद्रापलीकडे पाळले गेले?

तिसरा पुरावा मृत्युपत्र. आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा, आणि यावरच सर्वांत कमी बारकाईने लिहिलं जातं.

१६९८ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि डच यांनी स्पेनच्या वाटणीचा तह केला. स्पेनला न विचारता. कार्लोसने उत्तर म्हणून सगळं राज्य अखंड बव्हेरियाच्या छोट्या योझेफ फर्डिनांडच्या नावे केलं, म्हणजे मार्गारिताच्या नातवाच्या. ते पोर फेब्रुवारी १६९९ मध्ये वारलं. सहा वर्षांचं होतं. १७०० मध्ये बाहेरच्यांनी पुन्हा वाटणी ठरवली. आता उरले दोघे : व्हिएन्नाच्या लिओपोल्डचा मुलगा, किंवा लुईचा नातू. रक्त सांगत होतं व्हिएन्ना. दुसरी राणी मारिया आना तीही जर्मन, तिचा ओढाही तिकडेच. राजमंडळाचं मत पडलं फ्रान्सच्या बाजूने, पोपचा सल्ला घेतला, कार्डिनल पोर्तोकारेरो पाठीशी होते. ऑक्टोबर १७०० मध्ये कार्लोसने सही केली. सगळं राज्य, एक इंचही न तोडता, लुईचा नातू फिलिप याला. कारण उघड होतं. वाटणी करू पाहणाऱ्यांत सर्वांत बलवान लुई, तेव्हा त्याच्याच घरात राज्य दिलं तर तो ते तुटू देणार नाही.

हा निर्णय राजाचा की त्याच्या उशाशी बसलेल्यांचा? मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या सहीबद्दल हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण माणसं बदलली, वारस बदलले, तरी १६९८ आणि १७०० च्या कागदांत एक गोष्ट बदलली नाही : वाटणी नको. आणि ज्या घराण्याने रक्त घरातच राहावं म्हणून दोनशे वर्षं मामा-भाचीची, चुलत-आतेभावंडांची लग्नं लावली, त्याच्या शेवटच्या राजाने राज्य घराण्याबाहेर दिलं. रक्त आणि मुलूख यांतलं एकच वाचणार होतं. त्याने मुलूख निवडला. हे वेडसराचं काम वाटतं का?

ते फळलं का? अर्धं. १७०१ पासून युरोपभर युद्ध पेटलं, ते १७१४ पर्यंत चाललं. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने इटली आणि नेदरलँड्समधले मुलूख गेले. कॅटलोनियाने आपल्या जुन्या संस्था गमावल्या. पण स्पेन आणि अमेरिका एका राजाखाली राहिले. आणि नव्या बूर्बाँ राजांना आपण बुडतं राज्य वाचवलं असं सांगायचं होतं. त्यासाठी आधीचा राजा जितका दुबळा दिसेल तितकं सोयीचं. आजवर चालत आलेल्या साच्याचं एक मूळ तिथे आहे.

शेवटी एवढंच. ‘शेवटचा राजा’ म्हटला की आपण आधीच ठरवून बसतो की तो नालायक असणार, नाहीतर शेवटचा कसा झाला? मग त्याच्या शरीरात पुरावे शोधतो. आम्ही स्वतः कित्येक वर्षं हेच करत आलो; कारेन्योचं चित्र दाखवायचं, हनुवटीवर बोट ठेवायचं, लोक हसायचे, पुढे जायचं. त्या चित्रातल्या मुलाच्या हातात कागद आहे, याकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. राजाला तपासायचं असेल तर त्या कागदांवरून तपासा. कोणता हुकूम कुणासाठी निघाला, कुणी लिहून आणला, कुणी पाळला, कुणी भोगला. त्यात कार्लोस सुटत नाही. १६८० चा चौक त्याच्या नावावर राहतोच. पण निदान ज्यासाठी दोष द्यायचा त्यासाठीच दिला जाईल. जन्माने मिळालेल्या शरीरासाठी नव्हे.

पुढच्या वेळी ‘लास मेनिनास’ पाहाल तेव्हा मधल्या त्या छोट्या मुलीकडे पाहताना तिच्या भावाचीही आठवण ठेवा. चित्र काढलं तेव्हा तो जन्मलेला नव्हता.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.